लोक डिजिटल गेम का खेळतात आणि त्यातून केव्हा शिकतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पालक विचारतात, शिक्षक विचारतात, शिकवणारं ॲप काढायला निघालेले विचारतात, आणि रात्री उशिरापर्यंत खेळून सकाळी स्वतःवरच वैतागलेले खेळाडूही विचारतात. सगळ्यांना पुरेल असं एकच उत्तर नाही. हवा तो प्रश्न गाठा आणि तिथून वाचा.

लोक गुणांसाठी, बक्षिसासाठीच खेळतात ना?

तसं असतं तर टेट्रिस केव्हाच विस्मरणात गेला असता. अलेक्सी पाजितनोव्ह यांनी १९८४ मध्ये तो तयार केला. त्याच्या मूळ रचनेत जिंकण्याची सोयच नाही. तुकडे पडत राहतात, वेग वाढत जातो आणि शेवटी हार ठरलेली. तरी लोक चार दशकं तो खेळताहेत, कारण काल ज्या वेगाला हात थरथरत होते तो वेग आज सहज पेलतो आणि हे आपलं आपल्याला दिसतं.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी माणसाच्या तीन मूलभूत मानसिक गरजा सांगितल्या आहेत: आपल्याला जमतंय ही जाणीव, आपण आपल्या मर्जीने करतोय ही जाणीव, आणि आपण कुणाशी तरी जोडलेले आहोत ही जाणीव. रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हाच विचार व्हिडिओ गेमना लावून पाहिला. ज्या खेळात जमल्याची आणि मर्जीची जाणीव जास्त मिळते, तो लोकांना जास्त आवडतो आणि पुन्हा खेळावासा वाटतो, असं त्यांना आढळलं. गुण आणि नाणी ही जमल्याची पावती असते. पावतीसाठी कुणी इतका वेळ बसत नाही.

मग सगळे एकाच कारणासाठी खेळतात का?

नाही. मजकुरावर चालणाऱ्या सुरुवातीच्या ऑनलाइन खेळांपैकी एकाचे सहनिर्माते रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार सांगितले: काहीतरी कमावणारे, धुंडाळणारे, माणसांत रमणारे आणि इतरांवर कुरघोडी करणारे. ही विभागणी इतकी लोकप्रिय झाली की आज ती कुठेही चिकटवली जाते, अगदी वर्गातल्या मुलांवरही. मुळात ती एका विशिष्ट प्रकारच्या खेळापुरती होती, हे लक्षात ठेवलेलं बरं. पुढे निक यी यांनी ऑनलाइन खेळाडूंकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि २००६ मध्ये दाखवलं की ही कारणं एकमेकांना वगळत नाहीत. कमावण्याची हौस असलेला माणूस गप्पांचाही भुकेला असू शकतो.

ठोकळ्यांनी हवं ते बांधता येणाऱ्या माइनक्राफ्ट या गेमच्या एकाच जगात चार जण सोडून पाहा. एक जण किल्ला बांधत बसेल, दुसरा गुहा शोधत निघेल, तिसरा स्विच आणि तारांतून आपोआप उघडणारा दरवाजा बनवेल आणि चौथा पहिल्याच्या किल्ल्याला सुरुंग लावेल. खेळ एकच, पण चौघं चार वेगवेगळ्या गोष्टी शिकून उठतात. म्हणून ‘हा गेम काय शिकवतो?’ या प्रश्नाला ‘कोणाला?’ हा उलट प्रश्न विचारावाच लागतो.

मुलगा अभ्यासाला दहा मिनिटं बसत नाही, गेमला मात्र तीन तास. हा आळस नाही तर काय?

आळशी माणूस एकच अवघड लेव्हल तीसतीसदा खेळत नाही. फरक कामाच्या रचनेत आहे. मिहाय चिक्सेंटमिहायी यांनी १९७० च्या दशकात गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, नर्तक अशा लोकांना कामात तल्लीन व्हायला काय लागतं याचा अभ्यास केला. काय साधायचं ते स्पष्ट हवं, जमलं की नाही ते लगेच कळायला हवं, आणि काम आपल्या कुवतीच्या किंचित वर हवं. फार सोपं झालं की कंटाळा येतो, फार अवघड झालं की धडधड वाढते.

चांगला गेम या तिन्ही अटी क्षणोक्षणी पाळतो. उडी चुकली हे अर्ध्या सेकंदात कळतं आणि दहा सेकंदांत पुन्हा उडी मारता येते. २००५ चा रेसिडेंट इव्हिल ४ तर खेळाडू अडखळतोय असं दिसलं की न सांगता थोडा सोपा होतो. गृहपाठाच्या वहीत चूक झाली तर ती कळायला काही दिवस जातात, आणि कळते तेव्हा डोक्यात पुढचा धडा असतो. त्यात चुकीबद्दल गुण कापलेले असतात, म्हणजे पुन्हा करून पाहण्याची वाटही बंद. मुलाला दोष देण्याआधी हा हिशेब मांडून पाहा. अर्थात मूल गेममध्ये रमतं म्हणून ते तिथे शिकतंच, असंही नाही. रमणं आणि शिकणं यांची गाठ पडावी लागते.

गेम शिकवतो म्हणजे नेमकं करतो काय?

सुपर मारिओ ब्रदर्सचा १९८५ मधला पहिला पडदा बघा. मारिओ डाव्या बाजूला उभा, तोंड उजवीकडे, पुढे मोकळी जागा. कुठे जायचं ते सांगावं लागत नाही. थोडं पुढे गेलं की प्रश्नचिन्हाची विट चमकते आणि समोरून एक रागीट चेहऱ्याचा प्राणी चालत येतो. त्याला धडकलात तर मेलात, पण खेळ नुकताच सुरू झालाय, त्यामुळे गेलं काहीच नाही. दुसऱ्या खेपेला तुम्ही उडी मारता. मग उडी मारता मारता डोकं विटेला लागतं आणि नाणं निघतं. दुसऱ्या विटेतून मशरूम निघतं, उजवीकडे घरंगळत जातं, पाइपला आपटतं आणि उलट तुमच्याकडे येतं. वर विटा असल्यामुळे ते चुकवणं कठीण. ते अंगावर येतं आणि मारिओ मोठा होतो. काय टाळायचं आणि काय घ्यायचं, दोन्ही शिकून झालं.

हे सगळं योगायोगाने घडत नाही. हा पडदा असाच रचला होता, हे शिगेरू मियामोतो यांनी स्वतः सांगितलं आहे. पडद्यावर सूचनेची एक ओळसुद्धा नाही. भाषा आणि शिक्षणाचे अभ्यासक जेम्स पॉल जी यांनी २००३ पासून हाच मुद्दा लावून धरला: चांगले गेम माहिती लागेल तेव्हा आणि लागेल तेवढीच देतात, आणि ती मिळाल्याबरोबर वापरायला लावतात. याच्या उलट, सुरुवातीलाच सूचनांचे बारा पडदे दाखवणारे गेम उघडून पाहा. ‘पुढे, पुढे’ करत ते सगळे पडदे आपण न वाचता उडवतो आणि मग अडतो.

मग शिकवण्यासाठी म्हणून बनवलेले गेम इतके कंटाळवाणे का?

कारण त्यांत बहुतेकदा खेळ एकीकडे असतो आणि विषय दुसरीकडे. गाडी पळवा, मध्येच गाडी थांबवून बेरजेचं उदाहरण सोडवा, मग पुन्हा गाडी पळवा. मुलाला दोन मिनिटांत कळतं की गणित हा इथे टोलनाका आहे.

याची फार सुरेख चाचणी जेकब हॅबगूड आणि शॅरन एन्सवर्थ या संशोधकांनी घेतली. ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी त्यांनी सांगाड्यांशी लढायचा एक गेम वापरला. प्रत्येक सांगाड्याच्या छातीवर एक संख्या असते आणि त्या संख्येला नि:शेष भाग जाईल असा वार निवडायचा असतो. चुकीचा वार केला की सांगाडा उलटून अंगावर येतो. म्हणजे लढणं हेच भागाकार करणं. दुसऱ्या आवृत्तीत लढाई तीच, पण संख्या काढून टाकलेल्या, आणि लेव्हल संपली की तीच गणितं प्रश्नमंजूषेत सोडवायची. सारखाच वेळ दिला तेव्हा पहिल्या आवृत्तीची मुलं जास्त शिकली. नंतर मुलांना दोन्हींतली कोणतीही खेळायची मुभा दिली, तेव्हा पहिल्या आवृत्तीवर त्यांनी दुसरीच्या सात पट वेळ घालवला. ‘गणित कमी केलं की मुलं जास्त खेळतील’ हा समज तिथे पार उलटा पडला.

थॉमस मलोन यांनी तीसेक वर्षं आधीच याची दिशा दाखवली होती. आव्हान, कल्पनेचं जग आणि कुतूहल या तीन गोष्टी खेळाला आतून ओढ देतात, अशी त्यांची १९८१ मधली मांडणी आहे. पण कल्पनेचं जग सगळ्यांना सारखं भावत नाही, हेही त्यांच्याच प्रयोगात दिसलं. अपूर्णांक ओळखून संख्यारेषेवरचे फुगे बाणाने फोडायचे, असा तो गेम होता. फुगे फुटण्याची गंमत मुलग्यांना आवडली, मुलींना फारशी रुचली नाही. ‘मुलांना आवडेल अशी थीम’ असं कुणी बोललं की मला हा प्रयोग आठवतो.

आमच्या ॲपमध्ये गुण, बॅज आणि लीडरबोर्ड (कोण कितवा ते दाखवणारी यादी) घातले की झालं ना?

घालण्याआधी थोडं थांबा. १९७३ मध्ये मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांवर प्रयोग केला. काही मुलांना ‘चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असं आधी सांगितलं, काहींना ते न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. पुढे मोकळ्या वेळेत कोण किती चित्रं काढतं ते पाहिलं. प्रशस्तिपत्राचं आमिष आधी दाखवलेली मुलं इतरांच्या निम्माच वेळ चित्रांपाशी रमली. अचानक मिळालेल्यांवर असा परिणाम झाला नाही. आवडीच्या कामावर मोबदल्याची चिठ्ठी लागली की ते काम मोबदल्याचंच होऊन बसतं.

मोठ्यांचंही फार वेगळं नाही. मायकेल हॅनस आणि जेसी फॉक्स यांनी विद्यापीठातल्या एका अभ्यासक्रमाच्या दोन तुकड्यांची सत्रभर तुलना केली. तो अभ्यास २०१५ चा. एका तुकडीत बॅज आणि लीडरबोर्ड होते, दुसरीत नव्हते. बॅजवाल्या तुकडीची प्रेरणा आणि समाधान सत्राबरोबर घसरत गेलं आणि अंतिम परीक्षेतही ते विद्यार्थी मागे पडले.

याचा अर्थ बॅज वाईटच असं मी म्हणणार नाही. जे काम कुणालाच मनापासून करायचं नसतं, तिथे सुरुवातीचा धक्का म्हणून ते चालतात. लीडरबोर्डबद्दल मात्र माझं मत कडक आहे: त्यातून वरच्या पाचांना मजा येते आणि उरलेल्या पंचेचाळीसांना आपण कितवे ते कळतं. दाखवायचंच असेल तर त्या माणसाचा मागच्या आठवड्याचा आकडा त्याच्या आजच्या आकड्याशेजारी दाखवा.

स्ट्रीक, म्हणजे सलग किती दिवस ॲप वापरलं त्याची मोजणी, तुटू नये म्हणून मी रोज ॲप उघडते. ही प्रेरणाच ना?

आहे, पण गमावण्याच्या भीतीची. सवय लागायला ती उपयोगी पडते. मात्र रात्री पावणेबाराला सगळ्यात सोपा धडा उरकून झोपायला लागलात, तर स्ट्रीक जिवंत आहे आणि शिकणं थांबलंय. एकदा मुद्दाम तुटू द्या. दुसऱ्या दिवशी उघडावंसं वाटलं, तर विषयाची ओढ खरी आहे.

हरल्यावर एवढी चिडचिड होते, तरी लोक परत का खेळतात?

गेमचे अभ्यासक येस्पर यूल यांनी या कोड्याचा बराच विचार केला आहे: अपयश कुणाला नको असतं, पण जिथे अपयश हमखास येणार असे खेळ आपण आपणहून निवडतो. माझ्या मते चिडचिड आणि ओढ ही वेगळी नसतात. ‘आत्ता जमलं असतं!’ या वाक्यात दोन्ही आहेत. २०११ चा डार्क सोल्स त्याच्या निर्दय अवघडपणासाठीच ओळखला जातो, पण तिथे मरणाऱ्याला बहुधा कळतं की आपण कुठे घाई केली. दोष आपला आहे आणि सुधारता येण्याजोगा आहे, हे दिसलं की माणूस परत येतो. कंट्रोल नीट चालत नाहीत किंवा नशिबाने फटका बसला असं वाटलं, की तो खेळ बंद करतो. परीक्षा घेणाऱ्यांनी यावर विचार करायला हरकत नाही.

मित्रांबरोबर खेळताना शिकणं होतं की फक्त दंगा?

दंगा होतोच. पण त्यात काय चाललंय ते कान देऊन ऐका: ‘तू डावीकडून जा, मी त्याला गुंतवतो’, ‘तुझी ढाल संपली, मागे हो’. काम वाटून घेणं, अंदाज बांधणं, फसल्यावर का फसलं यावर भांडणं. खेळ संपल्यावरही हे थांबत नाही. कॉन्स्टन्स स्टाइनक्यूलर आणि शॉन डंकन यांनी वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेमच्या खेळाडूंच्या लेखी चर्चा तपासल्या. २००८ च्या त्यांच्या अभ्यासात ८६ टक्के चर्चा मिळून ज्ञान उभं करण्याच्या प्रकारातल्या निघाल्या. कुठलं हत्यार किती परिणाम करतं यासाठी लोक आकडेमोड करतात, गृहीतक मांडतात, दुसरा ते खोडून काढतो. हे करायला त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

गेम खेळल्याने बुद्धी वाढते का?

सरसकट नाही. शॉन ग्रीन आणि डॅफ्नी बाव्हेलिए यांनी २००३ मध्ये दाखवलं की वेगवान ॲक्शन गेम खेळणाऱ्यांची, डोळ्यांसमोरच्या गोष्टींवर लक्ष ठेवण्याची क्षमता तीक्ष्ण असते, आणि न खेळणाऱ्यांनाही सरावाने ती काही प्रमाणात वाढवता येते. पण हा फायदा त्या क्षमतेपुरता. एका खेळात पटाईत झालं की त्या खेळात आणि त्याच्यासारख्याच कामांत माणूस सुधारतो; फार दूरवर तो फायदा पोचत नाही. मेंदूचा व्यायाम म्हणून विकलं जाणारं ल्युमॉसिटी हे ॲप चालवणाऱ्या कंपनीला अमेरिकेच्या व्यापार आयोगाने फसव्या दाव्यांबद्दल गाठलं होतं, आणि २०१६ मध्ये तिने वीस लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं. ‘आमच्या गेमने स्मरणशक्ती वाढते’ असं वाचलं की ती कशावर आणि कशी मोजली, ते आधी विचारा.

नेहमीच्या शिकवण्यापेक्षा गेममधून जास्त शिकता येतं का?

सरासरीने थोडं जास्त, हो. पण या प्रश्नामागे एक गृहीतक लपलेलं असतं: गेम मजेशीर, म्हणून प्रेरणा जास्त, म्हणून शिकणं जास्त. पीटर वाउटर्स आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून ही साखळी तपासली. शिकणं आणि लक्षात राहणं गेममुळे सुधारलं. प्रेरणेत मात्र नेहमीच्या शिकवण्याच्या तुलनेत ठोस फरक सापडला नाही.

हे ऐकून अनेकांना धक्का बसतो. मला ते अगदी समजण्यासारखं वाटतं. घरी आपण गेम निवडतो, हवा तेव्हा थांबवतो, नको तर सोडून देतो. वर्गात कोणता गेम, केव्हा आणि किती वेळ हे दुसरं कुणीतरी ठरवतं. मर्जीची जाणीव गेली की अर्धी गंमत जाते, पडद्यावर कितीही रंग असोत. त्याच पाहणीत आणखी दोन गोष्टी निघाल्या: गेमला इतर शिकवण्याची जोड दिली आणि तो एकदाच न खेळता अनेक वेळा खेळला, तर जास्त शिकणं होतं. म्हणजे शिक्षकाची गरज संपत नाही.

खेळाडूंनी खेळता खेळता खरंच काही कामाचं केलंय का?

केलंय. वॉशिंग्टन विद्यापीठात २००८ मध्ये फोल्डइट नावाचा गेम सुरू झाला. त्यात प्रथिनांच्या साखळ्या वळवून, दुमडून जास्तीत जास्त स्थिर आकार शोधायचा असतो. माकडांमध्ये एड्ससारखा आजार घडवणाऱ्या एका विषाणूच्या विकराची (एन्झाइमची) रचना शास्त्रज्ञांना दहा वर्षांहून जास्त काळ हुलकावणी देत होती. फोल्डइटच्या खेळाडूंनी काही आठवड्यांतच उपयोगी पडेल असा आराखडा दिला, आणि २०११ मध्ये तो शोध प्रसिद्ध झाला. यातले बरेच खेळाडू जीवरसायनशास्त्र शिकलेले नव्हते.

ओढ कुठे संपते आणि व्यसन कुठे सुरू होतं?

तासांवरून ठरवू नका. सुट्टीत दिवसभर खेळणारं मूल शाळा उघडल्यावर सहज थांबू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आपल्या अकराव्या वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराचा समावेश केला आहे. ते १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात तीन खुणा आहेत: खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ होणं, आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालू राहणं किंवा वाढणं. साधारणपणे हे बारा महिने दिसावं लागतं, आणि त्यामुळे घर, शिक्षण, काम, नाती यांत ठळक बिघाड झालेला असावा लागतो. अशा खुणा दिसल्या तर मानसिक आरोग्याच्या जाणकाराला भेटा. फोन हिसकावून घेणं हा उपाय नव्हे.

दोष नेहमी खेळणाऱ्याचाच असतो असंही नाही. बक्षीस केव्हा मिळेल ते सांगता येत नसेल तर माणूस सगळ्यात चिवटपणे प्रयत्न करत राहतो, हे बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांपासून माहीत आहे. पैसे देऊन उघडायचे आणि आत काय निघेल ते आधी न कळणारे लूट बॉक्स याच तत्त्वावर चालतात. बेल्जियममध्ये २०१८ साली असे काही लूट बॉक्स जुगाराच्या कायद्याखाली आणले गेले. लूट बॉक्समध्ये शिकण्यासारखं काही नसतं, कारण पुढच्या वेळी जास्त चांगलं ‘उघडता’ येत नाही.

वर्गात गेम वापरायचा आहे. सुरुवात कुठून करू?

आधी तो स्वतः खेळा, अडेपर्यंत खेळा. जिथे तुम्ही अडाल तिथेच शिकवण्याची जागा आहे. कर्बल स्पेस प्रोग्रॅम या अंतराळयानं उडवायच्या गेममध्ये यान पुढच्या यानाला गाठायला इंजिन चालू करून सरळ वेग वाढवलात, तर ते वरच्या कक्षेत जातं आणि उलट मागे पडतं. विद्यार्थी गोंधळतात. नेमकं तिथे गेम थांबवा आणि विचारा, ‘असं का झालं असेल?’ खेळाइतकाच वेळ या बोलण्याला ठेवा. वेळ कमी पडला तर खेळ कापा, बोलणं नको. आणि निदान दोन गेममधून निवडू द्या.

मोठ्या वयात गेम सुरू करण्यात अर्थ आहे का?

आवडत असेल तर आहे. फक्त एकदम वेगवान काही घेऊ नका. शब्दकोडी, आळीपाळीने चाल करायचे डावपेचाचे खेळ किंवा सावकाश बांधकामाचे खेळ यांनी सुरुवात करा. बोटं कमी वेगाने चालतात याची लाज वाटून घ्यायचं कारण नाही. सोप्या पातळीचा पर्याय त्यासाठीच असतो.

एखादा गेम खरंच शिकवतो की नुसता तसा दावा करतो, हे पटकन कसं ओळखू?

मनातल्या मनात त्यातून विषय काढून टाका. खेळ जसाच्या तसा उरला, तर विषय वरून चिकटवलेला आहे. खेळ कोसळला, तर तो गेम विषयातूनच उभा आहे. मग खेळणाऱ्याकडे बघा: तो नुसता भराभर टॅप करतोय की थांबून ‘दुसऱ्या पद्धतीने करून बघू’ म्हणतोय?

मला स्वतःला गेममध्ये काडीचाही रस नाही. पालक म्हणून काय करू?

अर्धा तास शेजारी बसा आणि मुलालाच शिकवायला सांगा. ‘हे काय आहे?’ विचारून पुढे ‘तू इथे वळलास का, दुसरीकडे का नाही?’ असं विचारा. ते जर कारणांसह बोलायला लागलं, तर बरंच काही शिकतंय. ‘असंच’ म्हणून खांदे उडवले, तर गेम बदलून बघा किंवा खेळायचा वेळ जरा कमी करा. कंट्रोलर हातात दिला तर घ्या. तुम्ही पहिल्याच खड्ड्यात पडाल आणि मूल हसेल, पण पुढची उडी कशी मारायची ते तुम्हाला समजावताना त्याला स्वतःला काय कळलंय ते तुम्हाला दिसेल.